इंग्रजी खेड्यातला पब: रचना, नियम आणि उपयोग

इंग्लंडच्या खेड्याला चर्च, क्रिकेटचे मैदान आणि पब या तीन गोष्टींनी पूर्णत्व येते. चर्चमध्ये बोलायचे नसते. क्रिकेटच्या मैदानावर बोलण्यासारखे तासन्‌तास काही घडत नाही. त्यामुळे गावातल्या बोलण्याचा सगळा भार पबवर येऊन पडतो. हा भार हलका नाही. अनोळखी माणसाशी आपणहून बोलणे इंग्रजाला जड जाते. एकाच आगगाडीने वर्षानुवर्षे जाणारे दोघे एकमेकांचे नावही न विचारता निवृत्त होऊ शकतात. अशा माणसांना संध्याकाळी एका छपराखाली आणून त्यांच्या तोंडून चार वाक्ये निघतील अशी तजवीज करणे, हे पबचे मूळ काम. बिअर हे त्याचे निव्वळ साधन आहे, असे निदान घरी सांगितले जाते.

पब ओळखायचा तो बाहेर टांगलेल्या पाटीवरून. राजा दुसरा रिचर्ड याच्या कारकिर्दीत, १३९३ साली, असा हुकूम निघाला की विकण्यासाठी एल, म्हणजे जुन्या पद्धतीची बिअर, करणाऱ्याने दाराबाहेर खूण लावलीच पाहिजे. न लावल्यास माल जप्त. मालाची चव घेऊन दर्जा ठरवणारे तपासनीस त्या काळी नेमलेले असत, त्यांना ठिकाण सापडावे हा हेतू. तपासणी म्हणजे पिणेच असल्यामुळे या खात्यात कामचुकारपणाच्या तक्रारी फारशा झाल्या नसाव्यात. लोकांना अक्षरओळख नव्हती म्हणून पाटीवर चित्र आले. आता अक्षरओळख आहे, पण रात्री दहानंतर पुन्हा चित्रच कामाला येते.

या पाट्यांवरून इंग्लंडच्या इतिहासाची बरीचशी उजळणी होते. ‘व्हाइट हार्ट’ या नावातले पांढरे हरीण हे खुद्द रिचर्डचे चिन्ह. ‘रेड लायन’ हे तर सगळ्यात जास्त आढळणाऱ्या नावांपैकी एक. लाल सिंह इंग्लंडात इतक्या ठिकाणी आहे की पत्ता सांगताना त्याचा काडीचा उपयोग होत नाही. ‘रॉयल ओक’ हे १६५१ साली वूस्टरच्या लढाईत हरून ओकच्या झाडात लपलेल्या दुसऱ्या चार्ल्सचे स्मारक. हरलेल्या लढाईचे इतके आनंदी स्मारक दुसरीकडे सापडणे कठीण. ‘मार्क्विस ऑफ ग्रॅनबी’ हा अठराव्या शतकातला सेनापती. आपल्या हाताखालच्या जुन्या सैनिकांना त्याने पब काढून दिले, त्यांनी कृतज्ञतेने त्याचे नाव दारावर लावले, आणि १७७० साली तो स्वतः कर्जबाजारी अवस्थेत वारला. त्याच्या नावाच्या पबात आज उधारी मिळत नाही.

पबचे वय हा नाजूक विषय आहे. नॉटिंगहॅमचा ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’ आपल्या भिंतीवर ११८९ हे साल रंगवतो. स्टो-ऑन-द-वोल्ड इथला ‘पोर्च हाउस’ ९४७ सालापर्यंत मागे जातो. सेंट ऑल्बन्सच्या ‘ये ओल्ड फायटिंग कॉक्स’चाही दावा असाच आहे. त्यामुळे इंग्लंडात सगळ्यात जुने पब अनेक आहेत. इतिहासकार या तारखांवर विश्वास ठेवत नाहीत. पण ते स्वतः तिथेच बसून तसे सांगतात, म्हणून मालकांचीही तक्रार नसते.

आत शिरताना पहिली गाठ पडते ती तुळईशी. जुन्या पबांची छते बुटक्या पिढ्यांच्या मापाने बांधलेली वाटतात, आणि ‘डोके सांभाळा’ ही सूचना बहुधा त्याच तुळईवर लिहिलेली असते, जिच्यावर डोके आपटल्यावरच ती वाचता येते. पुढे शेकोटी, तिच्यावर घोड्याच्या साजाची पितळी पदके, आणि खाली असा गालिचा की ज्याच्या नक्षीत सांडलेले काहीही बेमालूम मिसळून जाते. पूर्वी आत वेगवेगळ्या खोल्या असत. ‘पब्लिक बार’मध्ये कष्टकरी आणि उघडी फरशी; ‘सलून बार’मध्ये गादीची आसने आणि तीच बिअर थोड्या जास्त दराने; आणि ‘स्नग’ नावाची छोटी आडोशाची खोली, पिताना दिसू नये असे ज्यांना वाटे त्यांच्यासाठी. गावातले सगळे प्रतिष्ठित स्नगमध्ये कधी बसतात हे बाकीच्या दोन खोल्यांना अचूक माहीत असे. आता बहुतेक ठिकाणी मधल्या भिंती पाडल्या आहेत आणि सगळे गाव एकाच दराने पिते.

आता मुख्य पदार्थाकडे. खरी इंग्रजी एल पिपात भरल्यावरही जिवंत असते. तिच्यातले यीस्ट तळघरात आपले काम चालूच ठेवते. तिला बाहेरून वायूचा दाब देत नाहीत. ती प्यायची ११ ते १३ अंश सेल्सिअसला. फ्रिजमधल्या बाटलीची सवय असलेल्या परदेशी पाहुण्याला ती कोमट वाटते, आणि तसे त्याने बोलून दाखवले की त्याला पबमधले पहिले संभाषण अनायासे मिळते. ते बराच वेळ चालते. पिंप एकदा उघडले की साधारण तीन दिवसांत संपवावे लागते. या कामाला गावातून स्वयंसेवक कमी पडत नाहीत.

ही एल तळघरातून वर ओढतात ती हँडपंपाने. या पंपाचे पेटंट १७९७ साली जोसेफ ब्रामा या हरहुन्नरी माणसाने घेतले. याच ब्रामाने त्याआधी १७७८ साली सुधारित फ्लशच्या संडासाचेही पेटंट घेतले होते. एखाद्या समस्येचा आरंभ आणि शेवट दोन्ही एकाच अभियंत्याने हाताळल्याचे असे उदाहरण यंत्रविद्येच्या इतिहासात विरळा. एल निवळण्यासाठी परंपरेने माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास नावाचा पदार्थ वापरतात. तो गाळासकट पिपाच्या तळाशी बसतो, तरी शाकाहारी मराठी पाहुण्याने ही माहिती पहिल्या ग्लासाआधी वाचावी. नंतर वाचून उपयोग नाही. त्याच्यासाठी न निवळलेली, जराशी गढूळ एल आता अनेक ठिकाणी मिळते.

हँडपंपावरच्या बिल्ल्यावर पुष्कळदा ‘इंडिया पेल एल’ असे लिहिलेले असते. हे नाव शोभेचे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातली हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या साहेबांसाठी बिअर धाडत असे. १८२०च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या ऑलसॉप आणि बास या कारखानदारांनी तो धंदा खेचून घेतला. चार-सहा महिन्यांचा समुद्रप्रवास सोसून मुंबई बंदरात उतरणारी ती बिअर कुठे, आणि उघडल्यापासून तीन दिवसांत माना टाकणारे आजचे पिंप कुठे. नाव तेवढे भारताचे राहिले.

एक काळ असा आला की ही जिवंत एल नाहीशी होऊ लागली. मोठ्या ब्रुअरी वायू भरलेली, न बिघडणारी आणि त्यामुळे न सुधारणारी बिअर सगळीकडे पाठवू लागल्या. १९७१ साली चार इंग्रज मित्रांनी तिच्याविरुद्ध चळवळ स्थापन केली. स्थापनेचे ठिकाण अर्थातच एक बार होता, आणि तोही आयर्लंडमधला. ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, म्हणजे कॅमरा, ही संस्था पुढे ग्राहकांची मोठी संघटना बनली. बैठकांना उपस्थिती कमी असल्याची चिंता तिने फारशी केल्याचे ऐकिवात नाही.

मापाच्या बाबतीत इंग्रज कट्टर आहे. मेट्रिक पद्धत आली, पेट्रोल लिटरमध्ये गेले, बटाटे किलोत गेले, पण पिपातली बिअर आजही कायद्याने पाइंटमध्येच विकावी लागते. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. फेस या मापात धरायचा की नाही, हा वाद जुना आहे. उत्तरेकडे पंपाच्या तोटीला बारीक भोकांची चकती लावून जाड मलईदार फेस काढतात; दक्षिणेकडचा माणूस त्या फेसाकडे आपली फसवणूक म्हणून पाहतो. इंग्लंडच्या उत्तर-दक्षिण दुहीवर अर्थतज्ज्ञांनी ग्रंथ लिहिले आहेत, पण तिची मोजदाद दोन बोटे फेसात होते.

पबमधली सगळी व्यवस्था काउंटरभोवती फिरते. टेबलाशी कोणी विचारायला येत नाही. पुण्याहून किंवा नाशिकहून मुलाकडे आलेले आईवडील अशा पबात जाऊन बसतात, मेनूकार्डाची वाट पाहतात, आणि अर्ध्या तासाने ‘इथली सर्व्हिस काही खरी नाही’ असे ठरवून उठतात. काउंटरशी स्वतः जायचे, मागायचे, पैसे द्यायचे आणि ग्लास स्वतः आणायचा, हा नियम कुठेही लिहिलेला नसतो. तिथे रांगही दिसत नाही, कारण ती अदृश्य असते. मानवशास्त्रज्ञ केट फॉक्स यांनी ‘वॉचिंग द इंग्लिश’ या २००४ सालच्या पुस्तकात या अदृश्य रांगेचे वर्णन केले आहे. काउंटरभर पसरलेल्या प्रत्येकाला आणि आतल्या माणसालाही आपला नंबर कितवा हे बिनचूक ठाऊक असते. नोट फडकावणे, चुटकी वाजवणे, हाक मारणे हे सगळे निषिद्ध. चेहऱ्यावर आशा आणि किंचित चिंता ठेवून उभे राहायचे. ज्याच्याकडे चुकून आधी लक्ष गेले, तो शेजाऱ्याकडे बोट करून ‘हे माझ्या आधी’ असे म्हणतो. शेजारी ‘नाही नाही, तुम्ही’ म्हणतो. आणि कालच्या दोन परक्यांची आज ओळख झालेली असते.

काउंटरमागच्या गृहस्थाला लँडलॉर्ड म्हणतात. तो पुष्कळदा स्वतःच भाडेकरू असतो. इमारत ब्रुअरीची, आणि करार असा की बिअर तिच्याचकडून घ्यायची. १९८९ साली सरकारने दोन हजारांहून जास्त पब असलेल्या ब्रुअरींना चाप लावला. ब्रुअरींनी पब विकले, ते मोठ्या पब-कंपन्यांनी घेतले, आणि लँडलॉर्डचा हप्ता एका दारातून दुसऱ्या दाराशी जाऊ लागला. असा करार नसलेला पब ‘फ्री हाउस’ म्हणवतो. त्यात फुकट काहीही नसते. लँडलॉर्डला टीप म्हणून नाणी देणे उद्धटपणाचे. ‘आणि एक तुमच्यासाठी’ असे म्हणून एका ग्लासाचे पैसे द्यावेत. तो आभार मानतो, आणि ग्लास नंतर घेतो किंवा घेत नाही. ते विचारायचे नसते.

मंडळी चार असली तर बिअर आळीपाळीने चौघांसाठी घ्यायची, याला राउंड म्हणतात. गणित सोपे, परिणाम गंभीर: चौघांत चार राउंड होतात. पहिल्या तिघांचे पिऊन घरची आठवण होणारा माणूस गावाच्या स्मरणात वीस वर्षे राहतो. पहिल्या महायुद्धात दारूमुळे दारूगोळ्याच्या कारखान्यांतले काम मंदावते अशी सरकारची समजूत झाली आणि १९१५ साली दुसऱ्याला पाजण्यावरच बंदी आली. जेवणासोबत घेतलेले पेय तेवढे अपवाद. इंग्लंडच्या इतिहासात चिक्कू माणसाला कायद्याचा पाठिंबा मिळाला तो एवढाच काळ.

खाण्याचा प्रवेश या कथेत उशिरा होतो. जुना पब लोणच्यातली अंडी, डुकराच्या कातडीचे कुरकुरे तुकडे आणि बटाट्याचे वेफर्स यांवर भागवत असे. वेफर्सचे पाकीट उभे फाडून टेबलाच्या मधोमध पसरतात. तसे न करता एकट्याने खाणारा माणूस चारित्र्याने संशयास्पद. ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे नांगरणाऱ्याचे जेवण, हे पाव, चीज, कांदा आणि लोणच्याचे ताट पाहिले की मध्ययुगीन शेतकरी डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याने पाव-चीज खाल्ले असेलही, पण या नावाचे ताट घरोघरी पोहोचले ते १९५४ साली चीजचे रेशनिंग उठल्यानंतर, चीज आणि दुधाच्या व्यापारी मंडळांनी केलेल्या जाहिरातींमुळे. रविवारी दुपारी भाजलेले मांस, भाजलेले बटाटे, फुगलेले यॉर्कशायर पुडिंग आणि या सगळ्यांवर तपकिरी ग्रेव्ही. ग्रेव्हीखाली काय आहे हे शोधण्यात दुपार जाते. बाकी दिवशी मासे आणि चिप्स, किंवा एलमध्ये शिजवलेल्या मांसाची पाई. १९९१ साली लंडनच्या ‘ईगल’ने चांगल्या स्वयंपाकाचा पब सुरू केला आणि गॅस्ट्रोपब ही जात जन्मली. मार्लो गावचा ‘हँड अँड फ्लॉवर्स’ दोन मिशलिन तारे मिळवणारा पहिला पब ठरला. जेवण कितीही चांगले असो, स्वयंपाकघर दोनला बंद म्हणजे बंद. दोन वाजून पाच मिनिटांनी पोहोचलेल्या भुकेल्याला सहानुभूती मात्र भरपूर मिळते.

पबच्या खाण्यावर राष्ट्रीय पातळीवर खल झाला तो २०२० च्या अखेरीस. कोविडच्या नियमांप्रमाणे काही भागांत पबला भरीव जेवणासोबतच दारू देता येत होती. मग भरीव म्हणजे काय? स्कॉच एग, म्हणजे खिम्यात गुंडाळून तळलेले उकडलेले अंडे, भरीव की किरकोळ? अन्न आणि ग्रामीण खात्याचे मंत्री जॉर्ज युस्टिस यांनी ते बहुधा भरीव ठरेल असे मत दिले. इतर मंत्र्यांनाही आपले मत सांगावे लागले. एक अंडे मंत्रिमंडळात आणि बातम्यांत कित्येक दिवस फिरत राहिले.

बोलण्याला निमित्त हवे म्हणून खेळ आले. भिंतीवर डार्ट्‌सची तबकडी, कोपऱ्यात डॉमिनो, आठवड्यातून एकदा प्रश्नमंजूषा. ऑक्सफर्डशायरमध्ये ‘आंट सॅली’ नावाचा खेळ आहे: खांबावर ठेवलेली लाकडी बाहुली लांबून दांडके फेकून उडवायची. आत्याबाईंनी काय केले होते, याचा उलगडा होत नाही. कुत्र्याला पबात मोकळीक असते आणि तो सर्वात उपयोगी सभासद आहे. माणसाशी थेट बोलता येत नाही, पण त्याच्या कुत्र्याशी येते. मग मालक कुत्र्याच्या वतीने उत्तरे देतो. कित्येक लग्ने अशी जुळली असतील. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या जागा ठरलेल्या असतात. एसटीत आमदारांची जागा पाटी लावून राखतात आणि तिच्यावर कोणीही बसते. इथे पाटी नसते आणि कोणीही बसत नाही.

या बोलक्या घराचे दार सगळ्यांना सदैव उघडे होते, असे मात्र नाही. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये ओतशाळांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांना काही पबांत वेगळे बसवत किंवा घेतच नसत. १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले नेते माल्कम एक्स हे पाहायला तिथे आले होते. त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने असा भेद बेकायदा ठरवला. पुढे त्याच परिसरातले कित्येक पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. तिथे आता एलसोबत तंदुरी मिक्स्ड ग्रिल मिळते आणि गोरे शेजारी ती खायला रांग लावतात; ही रांग डोळ्यांना दिसते.

पबच्या वेळांवर सरकारचा फार जीव. महायुद्धातल्या कामगारांनी दुपारी शुद्धीत राहावे म्हणून तेव्हा पब दुपारी बंद ठेवण्याचा नियम झाला. युद्ध १९१८ साली संपले. नियम इंग्लंडात १९८८ पर्यंत टिकला. रात्री अकराला घंटा आणि लँडलॉर्डची आरोळी ही प्रथा २००५ साली नवा परवाना कायदा लागू झाल्यावर सैल झाली. कायद्याने जास्त वेळ दिला, तरी खेड्यातले बहुतेक पब अकराच्या आसपासच मिटतात, कारण लँडलॉर्डलाही झोप येते.

बंद न होण्याचा विक्रम यॉर्कशायरच्या टॅन हिल इनकडे जावा. ५२८ मीटरवरचा हा ब्रिटनमधला सर्वात उंच पब. २०२१ च्या नोव्हेंबरात अरवेन वादळाच्या बर्फात तिथे सुमारे साठ लोक तीन रात्री अडकले. सोबत ‘ओएसिस’ या बँडची गाणी गाणारा एक वाद्यवृंदही अडकला होता. तीन रात्रींत प्रश्नमंजूषा झाल्या, गाणी झाली, आणि रस्ता मोकळा झाल्यावर सगळेच आनंदाने निघाले असे दिसले नाही. इंग्रजाला बोलते करायला साधारण किती बर्फ लागतो, याचा हा उत्तम पुरावा.

शेवटी प्रकृतीविषयी. या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये सुमारे साठ हजार पब होते. आता सुमारे पंचेचाळीस हजार उरले आहेत. सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर, कर, विजेची बिले आणि २००७ सालची धूम्रपानबंदी ही कारणे सांगतात. खेड्यातल्या पबला आणखी एक धोका असतो: तो राहायला फार छान दिसतो. शहरातले कुटुंब तो विकत घेते, दाराला ‘द ओल्ड रेड लायन’ अशी पाटी लावते, आणि मग गावात पब नाही अशी खंत करते. हिमलीजवळचा ‘क्रुकेड हाउस’ खाणींमुळे जमीन खचून वाकडा झालेला प्रसिद्ध पब. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो जळाला आणि दोनच दिवसांत पाडला गेला. पुढच्या वर्षी स्थानिक कौन्सिलने आदेश काढला की तो होता तसाच पुन्हा बांधावा. म्हणजे वाकडा. सरळ भिंत बांधल्यास नियमभंग ठरेल असा बांधकाम-आदेश गवंड्याच्या आयुष्यात वारंवार येत नाही.

उपाय गावांनीच काढला. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावच्या शंभराहून अधिक लोकांनी भाग घेऊन २००३ साली ‘ओल्ड क्राउन’ हा आपला पब विकत घेतला; सहकारी तत्त्वावर चालणारा तो ब्रिटनमधला पहिला पब. २०११ च्या कायद्याने गावाला आपला पब सामुदायिक मालमत्ता म्हणून नोंदवता येतो, आणि तो विकायला निघाला तर पैसे जमवायला सहा महिने मिळतात. काही पबांत आता टपालकचेरी आणि किराणाही असतो. पण पब वाचवण्यासाठी काढलेल्या सह्यांच्या मोहिमेने आजवर एकही पिंप रिकामे झालेले नाही. पब टिकतो तो मंगळवारी, पाऊस पडत असताना, कोट चढवून तिथे जाणाऱ्या माणसांमुळे. इंग्लंडात असलेल्या मराठी वाचकाने एवढे लक्षात ठेवावे: काउंटरशी जावे, आपला नंबर ओळखावा, राउंड चुकवू नये, आणि काहीच सुचले नाही तर कुत्र्याचे नाव विचारावे. पुढचे बोलणे आपोआप होते.